सूचना भिंतीवर, मोजे दारात: एडीएचडी असलेल्या मुलाचा रोजचा दिवस

सकाळचे 6:40. एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि चिरंजीव खिडकीत. खाली रस्ता खोदायला जेसीबी आलेला. मी स्वयंपाकघरातून ओरडले होते, "मोजे घाल, डबा दप्तरात टाक, बाटली भर आणि दारात ये!" या चारही गोष्टी त्याला येत होत्या. विचारलं असतं तर क्रमाने म्हणूनही दाखवल्या असत्या. 6:50 ला व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजला तेव्हा दुसरा मोजा हातातच होता. मग घरात जे व्हायचं ते झालं.

मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) आहे हे तुम्हाला नुकतंच कळलं असेल, तर अशा सकाळीचं वर्णन तुम्हाला ऐकवायला नको. आमचा मुलगा आता 13 वर्षांचा आहे, निदान झालं तेव्हा 7 वर्षांचा होता. मी डॉक्टर नाही. रडत-भांडत, चुकत जे हाती लागलं ते पहिल्याच महिन्यात कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. काय करायचं हे या मुलांना माहीत असतं, पण ऐन वेळी ते डोक्यात हजर नसतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी जवळ बसवून प्रेमाने समजावलेलं सकाळी 6:40 ला कामी येत नाही. काम जिथे आणि जेव्हा करायचं असतं, मदतही तिथे आणि तेव्हाच लागते. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच्याच आधाराने केलेलं आहे.

आधी निदान पक्कं करा

वर्गशिक्षिका "याला एडीएचडी असणार" म्हणाल्या, किंवा मोबाइलवर एखादी प्रश्नावली भरली, एवढ्यावर थांबू नका. निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) करतात. रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून एडीएचडी कळत नाही, त्यामुळे कोणी मशीन लावून अर्ध्या तासात निदान करून देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. डॉक्टर तुमच्याशी सविस्तर बोलतात, मुलाला बघतात, आणि आई-वडील व शिक्षक अशा दोघांकडून प्रश्नावल्या भरून घेतात. लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, कमीत कमी 6 महिने टिकलेली पाहिजेत आणि त्यातली काही तरी वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसू लागलेली पाहिजेत, असा निकष आहे. मूल फक्त घरीच उच्छाद मांडत असेल आणि शाळेत शहाण्यासारखं बसत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. कान आणि डोळे तपासून घ्या. मूल रात्री घोरत असेल तर तेही सांगा. झोप पुरी न झालेलं मूल दिवसा अगदी असंच वागतं.

मुलींच्या आयांना एक जास्तीचं सांगते. एडीएचडी म्हणजे पायाला भिंगरी असंच नाही. शांत बसून खिडकीबाहेर बघणारी, वही रोज हरवणारी, "हुशार आहे पण धांदरट" असा शेरा दरवर्षी मिळवणारी मुलगीही यात असू शकते. ती कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणाचं लक्ष जात नाही.

खासगी तपासण्या महाग पडत असतील तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणारं सरकारी केंद्र) आहे का ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांना पुढच्या तपासणीसाठी तिथेच पाठवतात, आणि त्या कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे. स्वतःलाच कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि हो, हे तुमच्या लाडामुळे झालेलं नाही. नोकरी करणाऱ्या आईमुळेही नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के मानला जातो. साखर खाल्ल्याने मुलं चेकाळतात हा समज 1995 सालीच बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी करून तपासला गेला, त्यात तथ्य आढळलं नाही. लाडू दातांसाठी कमी करा, चंचलपणासाठी करायची गरज नाही. जगभरात साधारण 5 टक्के मुलांना एडीएचडी असतो. म्हणजे 60 च्या वर्गात तिघं. तुमचं मूल त्या वर्गात एकटं नाही, फक्त बाकीच्या दोघांचे आई-बाप गप्प आहेत.

अजून एक आकडा मला फार उपयोगी पडला. 2007 साली अमेरिकेत शेकडो मुलांच्या मेंदूची चित्रं तपासली गेली. मेंदूच्या बाहेरच्या थराची जी वाढ इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमारास दिसली, ती एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास दिसली. क्रम तोच, गाडी तीनेक वर्षं उशिरा. त्यानंतर मी मनात एक हिशोब धरला: बुद्धी वयाची, पण स्वतःला आवरणं दोन-तीन वर्षांनी लहान मुलाइतकं. 9 वर्षांच्या मुलाचं दप्तर भरताना मी शेजारी उभी राहते याची लाज तेव्हापासून वाटेनाशी झाली. 6 वर्षांच्या मुलाच्या शेजारी आपण उभे राहतोच की.

दिवसातली एकच वेळ निवडा

नव्या पालकांची पहिली चूक म्हणजे सोमवारपासून सगळंच बदलायचं. उठणं, जेवण, अभ्यास, मोबाइल, झोप. गुरुवारपर्यंत आईच आजारी पडते. सगळ्यात जास्त भांडण ज्या वेळी होतं ती एक वेळ घ्या आणि महिनाभर तिच्यावरच काम करा. आम्ही सकाळ घेतली.

आधी उलटा हिशोब केला. व्हॅन 6:50 ला, म्हणजे दारात 6:45 ला. रात्री करता येईल ते सगळं रात्रीकडे ढकललं. दप्तर जेवणानंतर भरून दाराच्या कडीला. गणवेश खुर्चीवर, घालायच्या क्रमाने: बनियन वर, शर्ट त्याखाली, पँट सगळ्यात तळाला.

मग मोजे. मोजे बेडरूमच्या कपाटात होते. कपाटाच्या वाटेवर खेळण्यांचा खोका होता आणि शेजारी ती जेसीबीवाली खिडकी. आम्ही दाराशी एक प्लॅस्टिकची टोपली ठेवली. तिच्यात मोजे, बूट, ओळखपत्र, रुमाल. कपाटाकडे जायचंच कारण उरलं नाही. सहा वर्षांत केलेल्या सगळ्या उपायांमध्ये या साठ रुपयांच्या टोपलीला मी पहिला नंबर देते.

मग चित्रांची पट्टी. दात, आंघोळ, कपडे, दूध, टोपली. पाच चित्रं त्यानेच स्केचपेनने काढली. दूध म्हणून काढलेला पेला बादलीसारखा दिसतो, पण त्याला कळतो ना, झालं. पट्टीच्या कडेला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा आणि एकेक काम झालं की तो खाली सरकवायचा. मी ती पट्टी आधी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावली आणि तीन आठवडे "तू बघतच नाहीस" म्हणून त्यालाच बोलत राहिले. सासूबाईंनी ती एक हात खाली चिकटवली.

चौथी गोष्ट, वेळ डोळ्यांना दिसली पाहिजे. "दहा मिनिटं आहेत" याचा या मुलांना काही बोध होत नाही. भिंतीवर काट्यांचं घड्याळ लावा आणि ज्या आकड्यावर मोठा काटा आला की निघायचं, तिथे काचेवर लाल पट्टी चिकटवा. किंवा वाळूचं घड्याळ आणा. घराबाहेर पडेपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. यात "पाच मिनिटं फक्त" चालत नाही. आम्ही चालवून बघितलं आहे.

पहिले दोन आठवडे तुम्हाला तिथे उभं राहावंच लागेल. पण बोलायचं नाही. चित्राकडे बोट दाखवायचं, बस. दोन-तीन महिन्यांनी पट्टी भिंतीचाच भाग होते आणि मुलाला दिसेनाशी होते. तेव्हा "आता याचा उपयोग होत नाही" म्हणून फेकू नका. रंग बदला, जागा बदला, चिमट्याऐवजी चुंबक लावा. या मेंदूला नवं काही लागतं, ते पुरवत राहायचं.

सांगायचं कसं

मुलाजवळ जा. दुसऱ्या खोलीतून दिलेली हाक हवेत विरते. खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, त्याने वर बघितलं की एकच काम सांगा. "बाटली भर." त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्या. मग मनातल्या मनात पाच अंक मोजा, कारण ऐकणं आणि उठणं यांच्यामध्ये त्याला थोडा वेळ लागतो आणि नेमक्या त्याच वेळात आपण दुसऱ्यांदा ओरडतो. ते काम झालं की पुढचं.

करायचं असेल तर प्रश्न विचारू नका. "बाटली भरतोस का रे?" याला "नाही" हे सरळ उत्तर आहे. "धावू नको"पेक्षा "हळू चाल" बरं. आणि "किती वेळा सांगायचं तुला?" हे वाक्य सोडून द्या. आमच्या मुलाने एकदा खरोखर विचार करून उत्तर दिलं होतं, "सहा." बहुधा बरोबर होतं.

चिंचोक्यांची बरणी

"वार्षिक परीक्षेत चांगले मार्क पडले तर सायकल" हे या मुलांच्या बाबतीत फुकट जातं. वार्षिक परीक्षा त्यांच्यासाठी दुसऱ्या ग्रहावर असते. बक्षीस छोटं असावं, ठरलेलं असावं आणि तिथल्या तिथे मिळावं.

आमच्याकडे काचेची बरणी आणि चिंचोके. पट्टीवरचं एक काम फक्त चित्र बघून केलं की एक चिंचोका, लगेच, त्याच्याच हाताने बरणीत. तो टण्ण आवाज महत्त्वाचा आहे. स्टीलच्या डब्याचाही येतो, पण डब्यात किती साठले ते दिसत नाही. दिवसाच्या पाचांपैकी चार आले तरी संध्याकाळी एक निवड त्याची: आजोबांबरोबर कॅरमचा एक डाव, चार पोळ्या त्याने लाटायच्या (नकाशे होतात, खाल्ले), किंवा बाबांबरोबर स्कूटरवर एक चक्कर. पैसे आणि चॉकलेट शक्यतो नको, त्यांचा भाव वाढत जातो. पहिल्या आठवड्यात काम इतकं सोपं ठेवा की बरणी भरणारच. मूल पहिल्या दिवशी हरलं तर दुसऱ्या दिवशी खेळत नाही.

कमावलेला चिंचोका परत घ्यायचा नाही. एका संध्याकाळी नवऱ्याने रागाच्या भरात अख्खी बरणी माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "मला नकोच चिंचोके." नवी बरणी रुळायला महिना लागला.

बरणीबरोबर शब्दही हवेत. नुसतं "शाब्बास" म्हणू नका, कशाबद्दल ते सांगा. "न सांगता बूट टोपलीत ठेवलेस." आणि रोज 10-15 मिनिटं अशी काढा की ज्यात शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. तो म्हणेल तो खेळ, त्याच्या नियमांनी. दिवसभर बोलणी खाणाऱ्या मुलाच्या घरात हे मी औषधाइतकं गरजेचं मानते.

अभ्यास आणि भडका

शाळेतून आल्या आल्या अभ्यास नको. आधी पोटात काही, मग खाली पळापळ, मग वही. 10 ते 15 मिनिटं काम, 5 मिनिटं उठायची सूट. गणिताच्या पानावर दोन उदाहरणं उघडी ठेवून बाकी कागदाने झाका. उभं राहून, ओट्याला टेकून, जमिनीवर पालथं पडून लिहिलं तरी चालतं. तुम्ही शेजारी बसून भाजी निवडा. शिकवायची गरज नसते, जवळ कोणी तरी आपलं काम करत बसलेलं असलं की त्याचंही चालू राहतं.

एवढं करूनही वाचन किंवा लिखाण अडकत असेल तर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी करून घ्या. दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा दिलेला नाही. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी मान्यताप्राप्त केंद्राचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने जातात. दहावीच्या दिवाळीत धावाधाव करण्यापेक्षा आठवी-नववीतच शाळेकडून बोर्डाचे चालू नियम मागून घ्या.

आता भडका. मोबाइल हातातून काढला, खेळ अर्धवट थांबवला, भूक लागली, यातलं काहीही पुरतं. खेळ थांबवायच्या आधी पाच मिनिटं आणि मग एक मिनिट अशी दोनदा कल्पना द्या, बरेच भडके तिथेच टळतात. पेटलंच तर समजावू नका. त्या वेळी तुमचं प्रत्येक वाक्य म्हणजे तेलाचा थेंब. आवाज खाली, शब्द कमी, फेकण्यासारख्या वस्तू आणि धाकटं भावंडं बाजूला. अर्ध्या तासाने, काही तरी खाऊन झाल्यावर, दोन मिनिटं बोला: काय झालं, पुढच्या वेळी काय करू. दोनच मिनिटं. मी पूर्वी फटका द्यायचे, लपवत नाही. त्याचा परिणाम पुढच्या जेसीबीपर्यंत टिकायचा, आणि तो भावावर हात उगारायला शिकला.

शाळेत काय मागायचं

दहा मागण्यांची यादी घेऊन गेलात तर एकही पुरी होणार नाही. शिक्षिकेच्या समोर 60 मुलं असतात. दोनच गोष्टी मागा. पहिली, जागा: पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून लांब, शांत मुलाशेजारी. दुसरी, डायरीत रोज एक खूण: ठरलेलं एकच काम, उदाहरणार्थ "फळ्यावरचं उतरवून घेतलं", झालं की टिक. त्या खुणेचा चिंचोका घरी. बाई मनाने मोकळ्या असतील तर तिसरं: वह्या वाटणं, फळा पुसणं अशी उठायची कामं त्याला द्या. आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा पीटीचा तास काढून घेऊ नका, ही विनंती लेखी द्या. आमच्या पहिल्या शाळेने तेच केलं होतं. सुट्टीत कोंडलेला मुलगा पाचव्या तासाला बाकावर उभा राहायचा, मग त्याची आणखी शिक्षा.

औषधाबद्दल

6 वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, त्यापुढच्या वयात गरज असेल तर औषध आणि वागणुकीवरचं काम दोन्ही, असा साधारण वैद्यकीय सल्ला असतो. आम्ही एक वर्ष घाबरून टाळलं. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. पण जाण्याआधी थोडं माहीत असू द्या.

जास्त वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. साधी गोळी चारेक तास काम करते, लांब पल्ल्याची साधारण शाळेचा दिवसभर. भूक कमी होणं आणि झोप लांबणं हे नेहमीचे त्रास आहेत, म्हणून डॉक्टर उंची, वजन, नाडी, रक्तदाब बघत राहतात. आमच्याकडे शाळेचा डबा जवळपास तसाच परत यायचा. मग गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, थालीपीठ आणि दही, आणि रात्री उशिरा लागणाऱ्या भुकेसाठी वेगळं ताट. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध, त्याचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत "फरक नाही" म्हणून मनाने बंद करू नका.

मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. दुकानाला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदार ठेवून घेतो. त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही. पट्टीत दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की शोध सुरू करा. गावाला जाताना तर नक्कीच. गोळ्या कुलपात ठेवा आणि मोठ्या माणसानेच हातात द्या.

औषधाने मोजे पायात जात नाहीत, हेही सांगून ठेवते. चित्राकडे बघितल्यावर ते चित्र डोक्यात थोडा वेळ टिकतं, एवढं होतं. टोपली आणि पट्टी लागतातच.

घरातले बाकीचे

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही, दोन धपाटे बसले की सरळ" हे लग्नाकार्यात ऐकू येणारच. मी आता वाद घालत नाही. "डॉक्टर बघताहेत" म्हणते आणि वाढायला लागते. मात्र जे रोज मुलाबरोबर असतात, आजी-आजोबा, क्लासच्या ताई, व्हॅनवाले काका, त्यांना बसून सांगा. आमच्या काकांनी स्वतःहून ठरवलं, हॉर्न दोनदा वाजवायचा: एक वळणावर, एक दारात. वळणावरच्या हॉर्नला चिरंजीव टोपलीपाशी असतात.

दुसऱ्या मुलाला आठवड्यातला एक ठरलेला तास द्या. त्याच्या वाटचं बरंच काही या घरात कोणाच्या लक्षात न येता गेलेलं असतं.

आणि निदानाच्या त्या लांबलचक प्रश्नावल्या भरताना अधूनमधून हात थांबला असेल, "अरे, हे तर मीच" किंवा "हे तर ह्यांचंच वर्णन", तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या. मोठेपणीही निदान होतं, उपचार होतात. आमच्याकडे गाडीची किल्ली आठवड्यातून तीनदा हरवायची, आणि ती मुलगा हरवत नव्हता. आता दाराशी दोन टोपल्या आहेत. दुसरीत किल्ली, पाकीट आणि चष्मा. वर एक चित्रही चिकटवलंय, मुलाने काढलेलं: मोठ्या मिशांचा एक माणूस, रिकामे खिसे बाहेर काढून उभा.